घरखर्च तिच्याकडे, व्यवहार त्याच्याकडे: ही वाटणी बदलायची कशी?

एक कागद घ्या आणि त्यावर चार प्रश्न लिहा. घरात पैसा कोण आणतं? रोजचा खर्च कोण भागवतं? मोठे निर्णय कोण घेतं? घर, जमीन, ठेवी, विमा कोणाच्या नावावर आहेत? नवऱ्याने एका कागदावर आणि बायकोने दुसऱ्या कागदावर, एकमेकांना न विचारता उत्तरं लिहावीत. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत.

कितीतरी घरांत दुसऱ्या प्रश्नापुढे तिचं नाव येईल आणि तिसऱ्या-चौथ्यापुढे त्याचं. ती नोकरी करत असली, पहिल्या प्रश्नापुढे दोघांचीही नावं असली, तरी बाकीची उत्तरं फारशी बदलत नाहीत. ‘आमच्याकडे तुझं-माझं असं काही नसतं’ हे आपल्याकडे अभिमानाने म्हटलं जातं आणि बहुतेकदा मनापासून म्हटलं जातं. पण हेतू चांगला आहे म्हणून व्यवस्थाही चांगली असेलच असं नाही. गेल्या काही दशकांत अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी घराच्या उंबरठ्याआत पैसा कसा फिरतो हे बारकाईने पाहिलं आहे. कमाई, हिशेब, निर्णय आणि नाव या चार वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून पुन्हा पुन्हा दिसलं. एक हाती आली म्हणून बाकीच्या आपोआप येत नाहीत. चारही दोघांकडे याव्यात असं वाटत असेल, तर प्रत्येकीसाठी वेगळी खटपट करावी लागते. ती कशी करायची, ते इथे क्रमाने पाहू.

घर म्हणजे एकच खिसा नव्हे

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांचा कुटुंबाच्या अर्थशास्त्रावरचा ग्रंथ १९८१ मध्ये आला. पैसा घरात कोणाच्याही हाती येवो, तो अखेर साऱ्या घराच्या हिताचा विचार करूनच खर्च होतो, अशी त्यांच्या मांडणीची दिशा होती. बेकर यांना १९९२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. मात्र तोवर या गृहीतकाला प्रश्न विचारले जाऊ लागले होते. अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये दाखवून दिलं की कुटुंबात सहकार्य असतं तसा हितसंबंधांचा झगडाही असतो. त्या झगड्यात कोणाची बाजू वरचढ ठरते, हे प्रत्यक्ष कष्टांपेक्षा कोणाचं योगदान ‘मोठं’ समजलं जातं यावर बरंच अवलंबून असतं. बीना अग्रवाल यांनी जमिनीच्या हक्काचा धागा धरून हाच विचार पुढे नेला.

प्रत्यक्ष पुरावा ब्रिटनमधून आला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या सरकारने मुलांसाठीच्या मदतीची पद्धत बदलली. आधी त्यातला मोठा भाग करसवलतीच्या रूपाने वडिलांच्या पगारात मिळत असे. आता ती रक्कम थेट आईच्या हाती जाऊ लागली. घर तेच होतं, फक्त पैसा घेणारा हात बदलला. शेली लुंडबर्ग, रॉबर्ट पोलाक आणि टेरेन्स वेल्स यांनी १९९७ मध्ये या बदलाचा परिणाम मांडला. पुरुषांच्या कपड्यांवरच्या खर्चाच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला होता. घर हा एकच खिसा असता, तर असं घडलं नसतं.

दक्षिण आफ्रिकेत एस्थर डुफ्लो यांना आणखी ठळक चित्र दिसलं. तिथे १९९० च्या दशकात वृद्धांच्या पेन्शनचा लाभ कृष्णवर्णीय कुटुंबांपर्यंत मोठ्या प्रमाणात पोचला. पेन्शन आजीला मिळत होती त्या घरांतल्या नातींची वाढ सुधारली. आजोबांना मिळालेल्या पेन्शनमुळे तसा परिणाम आढळला नाही.

या वाटणीमुळे कधी कधी साऱ्या घराचंच नुकसान होतं. क्रिस्टोफर उड्री यांनी बुर्किना फासोमधल्या शेतकरी कुटुंबांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे एकाच घरात नवऱ्याचे आणि बायकोचे शेताचे तुकडे वेगळे असतात. त्याच हंगामात, त्याच पिकासाठी, बायकांच्या तुकड्यांना खत आणि मजूर कमी मिळत होते. खत आणि मजुरी दोन्हीकडे नीट वाटली असती, तर त्याच घराच्या कोठारात सुमारे ६ टक्के धान्य जास्त पडलं असतं.

बाईच्या हाती पैसा दिला की सगळं सुरळीत होतं, असा याचा अर्थ मात्र काढू नये. मोरोक्कोमध्ये मुलांच्या शिक्षणासाठीची रक्कम काही घरांत आईला आणि काही घरांत वडिलांना देऊन पाहिली, तेव्हा परिणामात फारसा फरक पडला नाही. जागा बदलली की उत्तर बदलतं. म्हणून आपल्या घराचा नकाशा आपणच काढायला हवा.

चालवणं वेगळं, ठरवणं वेगळं

हा नकाशा काढायला ब्रिटिश अभ्यासक जॅन पाल यांचं काम उपयोगी पडतं. १९८९ च्या त्यांच्या पुस्तकात इंग्लंडमधल्या जोडप्यांच्या पैशाच्या चार रीती सांगितल्या आहेत. पहिल्या रीतीत सगळा पगार एकाच्या हाती जातो आणि तोच सारं भागवतो. दुसरीत कमावणारा घरखर्चापुरती ठरावीक रक्कम देतो आणि बाकी स्वतःकडे ठेवतो. तिसरीत दोघांचा पैसा एकत्र असतो. चौथीत दोघांचे व्यवहार स्वतंत्र असतात. या चारही रीती आपल्या ओळखीच्या घरांत आपण पाहिलेल्या असतात.

पाल यांनी ‘चालवणं’ आणि ‘ठरवणं’ यांत फरक केला, हे अधिक महत्त्वाचं. महिन्याची बेगमी करणं, दूधवाल्याचा हिशेब ठेवणं, गॅस, शाळेची फी, औषधं, आल्या-गेल्याचं पाहणं हे चालवणं. फ्लॅट घ्यायचा की नाही, कर्ज किती काढायचं, भावाला किती रक्कम द्यायची, मुलीला पुढे किती शिकवायचं हे ठरवणं. पैसा कमी असतो तिथे तो पुरवून पुरवून वापरायचं अवघड काम बाईकडे येतं. पैसा वाढला की त्याचा ताबा पुरुषाकडे सरकतो. ‘आमच्या घरात सगळा पैसा बायकोच पाहते’ असं कोणी म्हटलं, तर ती पैसा पुरवते की ठरवते, हे विचारलं पाहिजे.

सुरुवातीच्या कागदावर आता आणखी दोन ओळी लिहा. सगळी माहिती कोणाला आहे? आणि न विचारता, हिशेब न देता खर्च करायची मुभा कोणाला किती रुपयांपर्यंत आहे? दुसऱ्या ओळीचं उत्तर दोघांचं सारखं आहे का, ते पाहा. घरातल्या समतेची ही सोपी आणि बऱ्यापैकी खरी कसोटी आहे.

पहिलं काम: महिन्यातून एकदा हिशेबाला बसा

पगार झाला की आठवड्याभरात तासभर दोघांनी बसावं. टीव्ही बंद असावा. मुलं मोठी असतील तर त्यांनाही थोडा वेळ बसवावं. एकत्र कुटुंब असेल, तर आधी दोघांनी बोलून घ्यावं आणि मग सासू-सासऱ्यांना सांगावं. भांडण चालू असताना पैशाचा विषय काढू नये आणि पैशाचं बोलणं चालू असताना माहेर-सासरचं जुनं उकरू नये.

बोलून ठरवल्याने वागणं बदलतं, याचा प्रयोग नावा अश्रफ यांनी फिलिपीन्समध्ये केला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. जोडप्यांना थोडी रक्कम दिली आणि तिचं काय करायचं ते ठरवायला सांगितलं. निर्णय बायकोला कळणार नाही अशी व्यवस्था होती, तेव्हा पुरुषांनी पैसे स्वतःच्या खात्यात टाकले. निर्णय तिला दिसणार, पण आधी बोलायचं नाही, असं होतं तेव्हा त्यांनी ते स्वतःच्या खर्चात अडकवले. आधी बायकोशी बोलूनच ठरवायचं, अशी अट घातली तेव्हा मात्र पैसे तिच्या खात्यात गेले. पैसे लपवायला जागा असली की माणसं लपवतात, आणि समोर बसून बोलायची वेळ आली की समजूतदारपणे वागतात.

बसल्यावर बोलायचं काय? सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत एवढंच पुरे:

किती आले, किती गेले, किती उरले.
कोणते हप्ते चालू आहेत आणि ते कधी संपणार.
पुढच्या तीन महिन्यांत कोणते मोठे खर्च येणार: फी, विम्याचा हप्ता, सण, लग्नकार्य, शेताची पेरणी.
दोघांच्या आईवडिलांसाठी काय लागेल. यात तिच्या आईवडिलांचाही उल्लेख व्हायला हवा.

बसलात म्हणजे ऐकलंत असं होत नाही, हेही लक्षात असू द्या. चेन्नईतल्या जोडप्यांवर अभ्यासकांनी एक साधा प्रयोग केला. नवरा-बायकोला वेगवेगळी माहिती मिळवायला सांगितली आणि मग ती एकत्र करून अंदाज बांधायला सांगितला. पुरुषांनी स्वतः मिळवलेल्या माहितीला दिलं तेवढं वजन बायकोने आणलेल्या माहितीला दिलं नाही. यातून अंदाज चुकतो आणि तोटा दोघांचा होतो. म्हणून एक नियम करा. ठरावीक रकमेपेक्षा मोठा कोणताही निर्णय दोघांचा होकार असल्याशिवाय घ्यायचा नाही. ही रक्कम पाच हजार असेल किंवा पन्नास हजार, ती दोघांनी मिळून ठरवायची. भावाला द्यायचे हातउसने पैसे, मित्रासाठी जामीन राहणं आणि शेअर बाजारातली उलाढाल हे सगळं या नियमात आलं पाहिजे.

दुसरं काम: तीन खाती

एकत्र खातं बरं की वेगवेगळी? अमेरिकेत जेनी ओल्सन आणि सहकाऱ्यांनी लग्न ठरलेल्या आणि नुकत्याच लग्न झालेल्या जोडप्यांवर दोन वर्षं प्रयोग केला. काहींना एकत्र खातं वापरायला सांगितलं, काहींना वेगळी खाती, आणि काहींना काहीच सांगितलं नाही. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. एकत्र खातं वापरणाऱ्यांच्या नात्यातला गोडवा टिकला, इतरांचा हळूहळू कमी होत गेला. भारतातला अनुभव दुसरी बाजू दाखवतो. मध्य प्रदेशात एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि सहकाऱ्यांनी रोजगार हमीवरच्या मजूर स्त्रियांसोबत केलेला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. काही स्त्रियांची नुसती खाती उघडली. काहींची मजुरी थेट त्यांच्याच खात्यात जमा होऊ लागली आणि ते वापरायचं प्रशिक्षणही त्यांना मिळालं. नुसतं खातं मिळालेल्यांच्या तुलनेत या दुसऱ्या स्त्रिया जास्त काम करू लागल्या. बाईने बाहेर काम करण्याविषयीची मतंही सैल झाली.

हे दोन्ही अनुभव जोडले तर तीन खात्यांची मांडणी सुचते. एक घराचं, दोघांच्या नावे, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती’ या पद्धतीचं. एक तिचं. एक त्याचं. घराच्या खात्यातून भाडं, हप्ते, किराणा, फी आणि विमा जावा. बाकीच्या दोन खात्यांतल्या पैशाचा कोणी कोणाला हिशेब मागू नये.

दोघंही कमावत असतील, तर घराच्या खात्यात भर मिळकतीच्या प्रमाणात टाका. त्याचा पगार ६०,००० आणि तिचा ४०,००० असेल, घराचा महिन्याचा खर्च ५०,००० असेल, तर त्याने ३०,००० आणि तिने २०,००० टाकावेत. ‘अर्धे-अर्धे’ ऐकायला न्याय्य वाटतं. पण तसं केलं तर त्याच्याकडे ३५,००० उरतात आणि तिच्याकडे १५,०००. ‘त्याच्या पगारातून हप्ता, तिच्या पगारातून घरखर्च’ ही आपल्याकडची रूढ वाटणीही तपासून पाहा. हप्ते फेडून शेवटी फ्लॅट उभा राहतो. किराणा भरून शेवटी पावत्या उरतात. दोघांचा पैसा दोन्हीकडे जावा.

बायको नोकरी करत नसेल, तर दर महिन्याला ठरलेली रक्कम तिने न मागता तिच्या खात्यात आपोआप जाईल अशी सूचना बँकेत देऊन ठेवा. घरखर्चाचे पैसे वेगळे, ही रक्कम वेगळी. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशावर तिला कर लागत नाही. मात्र ती रक्कम गुंतवून मिळणारं उत्पन्न आयकराच्या नियमाने नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं. पीपीएफचं व्याज करमुक्त असल्याने तिथे हा प्रश्न उरत नाही, म्हणून तिच्या नावाचं पीपीएफ खातं हा चांगला पाया आहे.

डाळीच्या डब्यात, साड्यांच्या घडीत पैसे ठेवणाऱ्या बायकांविषयी आदर बाळगूनच एक सांगायला हवं. नोव्हेंबर २०१६ मध्ये ५०० आणि १,००० च्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा वर्षानुवर्षं पै पै करून साठवलेले हे पैसे बायकांना घरच्यांसमोर उघड करावे लागले. घरातल्या नोटांवर व्याज मिळत नाही आणि त्यांना कायद्याचं संरक्षणही मिळत नाही. स्वतःचं खातं, स्वतःच्या मोबाइलवर येणारे बँकेचे संदेश आणि स्वतःच टाकलेला पिन, ही खरी तिजोरी. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये घेणाऱ्या बहिणींनी तर हे आवर्जून तपासावं. खात्याला कोणाचा मोबाइल जोडला आहे? एटीएम कार्ड कोणाकडे असतं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, स्वतः वापरतात असं बँक खातं असलेल्या स्त्रियांचं प्रमाण देशात २०१५-१६ मध्ये ५३ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ७८.६ टक्क्यांवर गेलं. खाती उघडण्याचा टप्पा बराच पार पडला आहे. ती आपल्या मनाने वापरण्याचा टप्पा बाकी आहे.

तिसरं काम: माहितीची वही

‘मला पैशातलं काही कळत नाही, ते सगळं हेच बघतात.’ हे ऐकून कोणी बाईला अडाणी समजू नये. अमेरिकी अभ्यासक एड्रियन वॉर्ड आणि जॉन लिंच यांनी २०१९ मध्ये दाखवलं की कामाची वाटणी म्हणून एकाने पैशाचे व्यवहार हाती घेतले, की त्याची जाण वाढत जाते आणि दुसऱ्याची तिथेच थांबते. संसाराची वर्षं वाढतात तसं हे अंतरही वाढतं. समज सरावाने येते, आणि तो सराव तिला मिळालेलाच नसतो. जोअॅन शू यांच्या अभ्यासात आणखी एक हळवी गोष्ट दिसते. वैधव्याचा काळ जवळ येऊ लागतो तसतशा वयस्क स्त्रिया आर्थिक गोष्टी शिकू लागतात. हे शिकणं इतक्या उशिरापर्यंत थांबायला नको.

एक जाड वही घ्या. तीत एवढ्या गोष्टी लिहा: सगळी बँक खाती आणि शाखा, मुदत ठेवी आणि त्यांच्या तारखा, विमा पॉलिसी, पीएफ, पोस्टातल्या योजना, म्युच्युअल फंड, डीमॅट खातं, लॉकर, सोसायटीचं भाग प्रमाणपत्र, खरेदीखत, सातबारा आणि आठ-अचे उतारे. देणीही लिहा: गृहकर्ज, सोनेतारण, पतसंस्थेचं कर्ज, हातउसने, कोणाला राहिलेला जामीन. प्रत्येकापुढे तीन रकाने ठेवा: कोणाच्या नावे, नामनिर्देशनात कोणाचं नाव दिलं आहे, मूळ कागद कुठे आहे. पिन आणि पासवर्ड मात्र या वहीत लिहू नका.

मग वर्षातले तीन महिने कामांची अदलाबदल करा. वीजबिल, विमा, कर्जाचा हप्ता आणि आयकर विवरणपत्राची तयारी तिने करावी. किराणा, दूध, शाळेचे किरकोळ खर्च आणि आल्या-गेल्याचा आहेर त्याने पाहावा. तिला व्यवहार कळतील आणि ठरलेल्या रकमेत महिना कसा काढला जातो, हे त्याला कळेल.

चौथं काम: कागदावर नाव

पैसा हातात असणं आणि मालमत्ता नावावर असणं यांत मोठं अंतर आहे. प्रदीप पांडा आणि बीना अग्रवाल यांनी केरळमधल्या विवाहित स्त्रियांचा अभ्यास २००५ मध्ये मांडला. जमीन किंवा घर काहीच नावावर नसलेल्या स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक हिंसा सोसली होती. जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होतं, घर असलेल्यांत १० टक्के, आणि दोन्ही असलेल्यांत ७ टक्के. ‘आपण इथून निघून जाऊ शकतो’ एवढी शक्यता जरी जवळ असली, तरी घरातला बोलण्याचा सूर बदलतो.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं. त्यानंतर लक्ष्मीमुक्ती अभियान आलं. शेतकरी पुरुषांनी आपल्या जमिनीचा काही हिस्सा राजीखुशीने बायकोच्या नावे करावा आणि शंभर कुटुंबांनी हे केलं की ते गाव लक्ष्मीमुक्त म्हणवून घ्यावं, अशी त्याची रीत होती. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका जन्मसिद्ध हिस्सा देणारी दुरुस्तीही महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीच्या कितीतरी आधी.

आज करता येण्याजोग्या गोष्टी अशा:

नवं घर घेताना दोघांची नावं लावा. राज्यात केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, तिचाही विचार करा.

जुन्या घरात किंवा शेतात बायकोचं नाव लावायचं असेल, तर बक्षीसपत्राचा मार्ग आहे. जवळच्या नात्यात केलेल्या बक्षीसपत्रावर राज्यात मुद्रांक शुल्काची मोठी सवलत आहे. सातबाऱ्यावर सहधारक म्हणून नाव लावण्याविषयी तलाठ्याकडे चौकशी करा आणि फेरफार मंजूर झाल्याचा उतारा हातात घेतल्याशिवाय काम झालं असं समजू नका.

नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे. शेअर आणि तत्सम गुंतवणुकीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. त्यामुळे नामनिर्देशनासोबत मृत्युपत्रही करा, आणि दोघांनीही करा.

नवऱ्याने आयुर्विमा घेताना तो १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेता येतो. पॉलिसी घेतानाच त्यासाठीचा स्वतंत्र फॉर्म भरावा लागतो. मग ती रक्कम बायको-मुलांसाठी राखून राहते आणि सर्वसाधारणपणे नवऱ्याच्या सावकारांना तिला हात लावता येत नाही. धंदा करणाऱ्यांनी हे जरूर करावं.

अंगावरचं सोनं, माहेरचे दागिने हे स्त्रीधन. ते पूर्णपणे तिचं आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्येही बजावलं. अडचणीत ते गहाण टाकलंच, तर कधी सोडवायचं ते लिहून ठेवा. सोडवून देणं ही नवऱ्याची जबाबदारी आहे. दागिन्यांची यादी, पावत्या आणि फोटो तिच्याकडे असावेत.

नाव लागतं तेव्हा देणंही नावावर येऊ शकतं, हे विसरू नका. अॅन मरी गोएट्झ आणि रीना सेन गुप्ता यांनी १९९६ मध्ये बांगलादेशच्या खेड्यांतली परिस्थिती मांडली. बायकांच्या नावे दिलेल्या कर्जांपैकी मोठा वाटा प्रत्यक्षात पुरुष वापरत होते आणि परतफेडीची टांगती तलवार बाईवर होती. बचत गटाचं किंवा सूक्ष्म वित्त संस्थेचं कर्ज घेताना पैसा कशासाठी आहे, हप्ता कोण भरणार आणि धंदा बसला तर काय, हे घरात आधी ठरवा. न वाचता सही करू नका, अंगठा तर मुळीच उठवू नका.

पाचवं काम: घरातल्या श्रमांचा हिशेब

पैशाचा हिशेब मांडून श्रमांचा सोडून दिला, तर पुन्हा तीच वाटणी परत येते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात ८१.२ टक्के स्त्रिया बिनपगारी घरकाम करताना आढळल्या आणि पुरुष २६.१ टक्के. करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, करणारे पुरुष ९७. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बाईची कमाई वाढली की हे आपोआप बदलतं असंही नाही. अमेरिकेतल्या २०१५ च्या एका अभ्यासात, बायको नवऱ्यापेक्षा जास्त कमावत होती त्या घरांत घरकामातली तफावत उलट वाढलेली दिसली. नवऱ्याच्या मोठेपणाला धक्का लागू नये म्हणून तीच जास्त राबते, असा अर्थ अभ्यासकांनी लावला.

गृहिणीच्या श्रमांना मोल आहे, हे न्यायालयांनी मान्य केलं आहे. २०२१ मध्ये अपघात भरपाईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचा आधार घेऊन गृहिणीचं उत्पन्न धरण्याची गरज ठामपणे मांडली. हे मोल बाई गेल्यावर मोजण्यापेक्षा ती असताना मोजायला हवं.

त्यासाठी दोन गोष्टी करा. एका आठवड्याच्या सगळ्या घरकामांची यादी करून कोण काय करतं ते लिहा. स्वयंपाकाइतकंच डॉक्टरांची वेळ घेणं, गॅसचा नंबर लावणं, मुलाच्या प्रकल्पाचं सामान आणणं हेही यादीत येऊ द्या. मग मुलासाठी, आजारी सासूसाठी किंवा नवऱ्याच्या बदलीसाठी बाई नोकरी सोडत असेल, तर त्या काळात तिचा बुडणारा पीएफ आणि बचत घराच्या खात्यातून तिच्या नावे भरा. नोकरी सोडण्याचा निर्णय दोघांचा असेल, तर त्याची किंमतही दोघांनी द्यायची.

बोलणंच शक्य नसेल तर

हे सगळं परस्परांवर विश्वास असलेल्या घरांसाठी आहे. काही घरांत मात्र पगार काढून घेतला जातो, खर्चाला पैसे दिले जात नाहीत, दागिने विकले जातात, नोकरी सोडायला लावलं जातं. ही घरातली कुरबूर नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात आर्थिक छळाचा स्पष्ट उल्लेख आहे. अशा घरातल्या बाईने कागद समोर ठेवून चर्चा करण्याआधी स्वतःची सुरक्षितता पाहावी. आधार, पासबुक, शाळेचे दाखले, दागिन्यांच्या पावत्या यांच्या प्रती विश्वासातल्या माणसाकडे ठेवाव्यात. खातं वेगळ्या बँकेत आणि स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर उघडावं. महिलांसाठीची १८१ ही मदतवाहिनी आहे, आणि जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळू शकतो.

सुरुवात कुठून करायची

हे सगळं एकदम अंगावर घेऊ नका. पहिल्या महिन्यात फक्त चार प्रश्नांचा कागद लिहा आणि एकदा हिशेबाला बसा. दुसऱ्या महिन्यात वही भरा. तिसऱ्यात खाती लावून घ्या. सहा महिन्यांच्या आत सगळ्या नामनिर्देशनांची तपासणी, मृत्युपत्रं आणि घराच्या कागदांवरची नावं उरकून घ्या. दरवर्षी पाडव्याला चार प्रश्नांची उत्तरं नव्याने लिहा आणि मागच्या वर्षीच्या उत्तरांशी ताडून पाहा.

आणि मुलांना या बैठकीत बसू द्या. पैशाविषयीच्या भूमिका मुलं पुस्तकात वाचून शिकत नाहीत, ती घरात पाहून उचलतात. आई व्याजदर विचारते आणि बाबा भाजीचा हिशेब सांगतात, हे पाहत वाढलेल्या मुलीला पुढे ‘मला त्यातलं कळत नाही’ असं म्हणावं लागणार नाही. तिच्या भावालाही साऱ्या घराचं ओझं एकट्याच्या खांद्यावर आहे, असं वाटणार नाही. घरातला पैसा दोघांचा आहे असं आपण म्हणतोच. तो कागदावर, खात्यात आणि निर्णयातही दोघांचा करणं आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी पुढच्या पगाराच्या तारखेपलीकडे थांबायचं कारण नाही.